रिपीटरचं पुस्तक

“मॅडम, ह्यात पोरगी शेवटी मरती का?”

पुस्तक उघडायच्या आधीच शिवकन्या विचारत होती. मी म्हटलं, “मरत नाही. बोर्डात पहिली येते.”

तिनं पुस्तक काउंटरवर परत ठेवलं. “मग नको.”

मी लातूरच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. ग्रंथालय म्हणायचं, पण ते चालतं वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेवर. प्लायवूडचे खण पाडलेली मोठी खोली. क्लासची मुलं आपापली पुस्तकं घेऊन येतात, मान खाली घालून बसतात आणि आमच्या कपाटांकडे ढुंकूनही बघत नाहीत. शिवकन्या त्यातलीच. भोकरची. वडिलांचं तिथं बी-बियाणांचं दुकान. बारावी झाली, नीटला नंबर लागला नाही, म्हणून वर्ष ड्रॉप घेऊन पुन्हा तीच परीक्षा. अशा मुलांना आमच्याकडे रिपीटर म्हणतात. मुलंही स्वतःची ओळख तशीच करून देतात. आधी रिपीटर, मग नाव.

या वयाच्या मुलांना पुस्तक सुचवायची आमची साधी रीत आहे. मागचं कुठलं आवडलं होतं ते विचारायचं आणि त्याच्या जवळपासचं काढून द्यायचं. शिवकन्यानं सहावीनंतर अभ्यासाबाहेरचं काही वाचलंच नव्हतं. रीत तिथंच संपली.

“तुला कसलं पाहिजे ते तरी सांग,” मी म्हटलं.

ती नखानं काउंटरची कड खरवडत होती. “ज्यात पोरगी नापास होती, अन् मरत बी न्हाई. असलं हाय का?”

आडून विचारण्यात अर्थ नव्हता. “तुझ्या मनात तसलं काही येतं का गं?”

“मी पुस्तकाचं विचारून राहिले, मॅडम.”

“पुस्तक बघते. पण मला खरं सांग.”

“कधी कधी येतं,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी टेस्ट असली की डोक्यातून जातं.”

मी तिला काउंटरच्या आत माझ्या शेजारी बसवलं, चहा मागवला आणि तिला सांगून, तिच्यासमोरच तिच्या पप्पांना फोन लावला. असल्या गोष्टी पोटात ठेवायच्या नसतात. पप्पा म्हणाले, सकाळच्या गाडीनं निघतो. होस्टेलच्या बाईंनाही कळवलं. त्यांनी त्या रात्री तिला आपल्या खोलीत झोपवायचं कबूल केलं.

ती गेल्यावर मी कुमार विभाग उपसायला घेतला. बालपुस्तकांना कंटाळलेल्या आणि मोठ्यांच्या कादंबऱ्यांना अजून न भिडलेल्या मुलांसाठी जी पुस्तकं असतात, त्यांना आम्ही कुमार म्हणतो. नापास होणारी मुलं त्यात होती. पण एक तर ती शेवटच्या प्रकरणात जिद्दीनं पहिली येत होती, नाहीतर मरून बाकीच्यांना धडा देत होती. नापास होऊन दुसऱ्या दिवशी उठून चहा-पोळी खाणारं एकही पोर आमच्या कपाटात नव्हतं. मला लिहिणाऱ्यांचा रागच आला. मग वाटलं, विकत घेणारी मीच की!

नांदेडला बालाजीराव म्हणून माझे जुने ओळखीचे ग्रंथपाल आहेत. त्यांना गडबडीत फोन केला.

“बालाजीराव, एका रिपीटर मुलीला पुस्तक पाहिजे. आजच एसटीच्या पार्सलनं टाका.”

“हाव ताई. एक नंबर पुस्तक हाय आपल्याकडं.”

दुसऱ्या दिवशी पार्सल आलं तेव्हा शिवकन्या आणि तिचे पप्पा माझ्यासमोरच बसलेले होते. मी मोठ्या हौसेनं सुतळी कापली. आत उशीएवढा जाड प्रश्नसंच. वर लाल अक्षरात छापलेलं, ‘रिपीटर स्पेशल’.

“हे बेस्ट केलं मॅडम,” पप्पा म्हणाले.

शिवकन्या हसली. अठरा वर्षांच्या मुलीनं असं हसू नये.

मी पप्पांना समजावत राहिले. मनाच्या डॉक्टरांना दाखवा, थोडे दिवस क्लास राहू द्या. माणूस वाईट नव्हता. मी दिलेला पाण्याचा ग्लास त्यांनी आधी लेकीपुढं सरकवला.

“डॉक्टरला दाखवतो मॅडम, आजच दाखवतो. पण क्लास सोडून कसं जमंल? वर्ष जाईल तिचं. नांदेडला माझी बहीण हाय, तिच्याकडं ठेवतो. घरचं खाईल, नजरेसमोर राहील. क्लास तिथं बी हायतच की.”

जाताना शिवकन्यानं प्रश्नसंच काखेत मारला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी बालाजीरावांना फोनवर फैलावर घेतलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“ताई, रिपीटरचं पुस्तक म्हणल्यावर दुसरं काय समजावं माणसानं?”

बरोबर होतं त्यांचं. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत त्या शब्दाला दुसरा अर्थच नाही. रिपीटर गोष्टी वाचतो, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. मग मी त्यांना शिवकन्याचं वाक्य तिच्याच शब्दांत सांगितलं.

“हाय एक,” ते म्हणाले. “पातळसं हाय. पोरगी नापास होती, मामाच्या सायकल दुकानात बसती, पंक्चर काढायला शिकती. शेवटच्या पानावर बी नापासच असती. कुणी नेत न्हाई ते. पाठवू लातूरला?”

“लातूरला नको. पोरगी तुमच्या नांदेडलाच येतीय, आत्याकडं. पत्ता देते.”

बालाजीराव स्वतः आत्याच्या घरी गेले. आत्या दारातच आडव्या आल्या. क्लासच्या सरांनी अवांतर वाचन बंद सांगितलंय म्हणाल्या.

“कसलं पुस्तक हाय?”

“रिपीटरचं हाय,” बालाजीराव म्हणाले.

“मग द्या.”

हे सांगताना ते फोनवर खूश होते. मीही झाले, थोडा वेळ.

निकालानंतर शिवकन्याचा फोन आला. “मॅडम, नंबर न्हाई लागला.”

“कुठं आहेस तू?”

“भोकरलाच. दुकानात बसून राहिले. डॉक्टरच्या गोळ्या चालू हायत. पप्पा परत ड्रॉप घे म्हणून राहिले.” मग घाईनं म्हणाली, “पुस्तक परत द्यायचं राहिलंय. अजून लागतंय ते मला.”

“राहू दे,” मी म्हटलं.

परवा अभ्यासिकेतली दुसरी एक मुलगी काउंटरशी येऊन उभी राहिली. शब्द वेगळे होते, विचारणं तेच. मी तिला शेजारी बसवलं, चहा मागवला, तिच्या आईला फोन लावला. एवढं आता मला सरावानं येतं. हातात द्यायला मात्र काही नव्हतं. त्या पुस्तकाचं प्रकाशन केव्हाच बंद पडलंय. नांदेड, लातूर, औरंगाबाद, पुणे, सगळीकडे विचारून झालं.

असलं पुस्तक दिसलं की दोन प्रती घेऊन ठेवाव्यात, एवढंच मी नव्या ग्रंथपालांना सांगते. आता आहे ती एकच प्रत, भोकरला. ती परत मागायची माझी हिंमत होत नाही.