एकाच हाताचा पिळा

१४ मार्च, मंगळवार. सकाळपासून स्वच्छ ऊन, वारा बेताचा. दूध नासलं. घरातले सगळे टॉवेल, उशीचा अभ्रा, लोकरीचा मफलर, जावईबापूंचा जाड शर्ट आणि एक मोजा धुऊन, पिळून गॅलरीत घातले. मफलर अजून ओला. शेजारीणबाई येऊन गेल्या. उजवं मनगट सुजलं आहे.

एवढं लिहून आजीने पेनाला टोपण लावलं, कारण पेन धरवत नव्हतं. रोजचं पान ती अर्धं दुपारी आणि अर्धं निजण्यापूर्वी लिहायची. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी लावलेली सवय, नवरा गेला तेव्हाही मोडली नव्हती. आज मात्र पुढची ओळ लिहायचा कंटाळा आला. पुढची ओळ ठाऊक होती: आज लेकीला सांगायचंच.

सांगायचं होतं ते नातीविषयी. नात आठ वर्षांची, आणि एका जागी बसली तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. भिंगरी शाळेत जात नव्हती. पोर घरी शिकेल आणि आपल्या मनाने शिकेल, असं तिच्या आईबापांनी ठरवलं होतं. गंमत म्हणजे बाप शाळेचीच बस चालवायचा. "लोकांची पोरं शाळेत पोचवता आणि स्वतःची तेवढी घरात ठेवता?" असं शेजारीणबाईंनी एकदा विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "रोज आरशात त्यांची तोंडं बघतो ना सकाळी, म्हणूनच."

आई दवाखान्यात एक्स-रे काढायची. सकाळी जायची ती दिवेलागणीला परतायची. मधला अख्खा दिवस आजीच्या वाट्याला.

ह्या शिकण्याचा नियम एकच होता: पोरीने विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि विचारलं तर विचारलं तेवढंच सांगायचं. आजीला हे फार जड गेलं. तिच्या वेळी उत्तरं आधी पाठ व्हायची, प्रश्न परीक्षेत भेटायचे. सुरुवातीला एकदा भिंगरी वाळत्या कपड्यांकडे टक लावून बसली असताना आजी बोलून गेली, "पाण्याची वाफ होते हो, बाळ." भिंगरीने दोन्ही कानांत बोटं घातली आणि ओरडली, "मी विचारलं नव्हतं!" तेव्हापासून आजी ओठ मिटून बसायला शिकली.

थंडी सरताना भिंगरीच्या डोक्यात कपड्यांचं वाळणं शिरलं. कुठला कपडा आधी वाळतो, का वाळतो, सावलीत किती मागे पडतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा गॅलरीत आला. ओला कपडा तोलायचा, वाळत घालायचा, पुन्हा तोलायचा. हौस म्हणून हे गोडच होतं. पण कपडा पिळताना पाणी कमी-जास्त राहिलं तर वजनं बिघडतात, हे पोरीने आपलं आपण शोधून काढलं आणि फर्मान सोडलं: पिळणार फक्त आजी. "हात बदलला तर उत्तर बदलेल." लेकीने त्या रात्री डोळ्यांत पाणी आणून आजीला मिठी मारली होती. "आई, ऐकलंस? हे कुणी शिकवलं नाही तिला!" शिकवलं नव्हतं खरं. पण तेव्हापासून जाड टॉवेल रोज आजीच्या मनगटांवर आला.

आज सकाळी भिंगरीने टॉवेल काट्यावर ठेवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आजी, हा जड आला."

"असेल जड."

"काल हलका होता. तू नीट पिळला नाहीस."

"पिळला की."

भिंगरीने टॉवेल छातीशी धरून दाबला. फरशीवर पाण्याची धार लागली. तेवढ्यात शेजारीणबाई दारात उभ्या.

"अगं बाई, लाँड्री काढलीत की काय? पोरीला पाढे तरी येतात का?"

"तिलाच विचारा," आजी म्हणाली.

"सातचा अर्धा येतो," भिंगरी म्हणाली. "पुढचा अजून लागला नाही."

शेजारीणबाई हसत हसत गेल्या. आजीला हसूही आलं नाही. तिने टॉवेल पुन्हा पिळायला घेतला, हातातून कळ गेली आणि टॉवेल बादलीत पडला. ती स्टुलावर टेकली.

"उद्या पिळू या का गं?"

"उद्याचं ऊन वेगळं असेल," भिंगरी म्हणाली. ते बरोबरच होतं. आजीने टॉवेल उचलला.

सांगायला अडचण होती ती एवढीच की सांगितलं तर काहीतरी मोडणार. एक तर लेकीची नोकरी, नाहीतर नातीचं हे घरचं शिकणं. दोन्हींतलं एक आपल्या मनगटापायी जाणार, ह्या विचाराने ती कितीतरी दिवस गिळून बसली होती.

संध्याकाळी लेक आली, आंघोळीला गेली आणि आतून ओरडली, "आई, कोरडा टॉवेल दे!"

कोरडा टॉवेल नव्हता. घरातले सगळे टॉवेल दोरीवर होते आणि दोरीला कुणी हात लावायचा नव्हता. लेक शेवटी पलंगावरची चादर गुंडाळून केस निथळत बाहेर आली. "एवढ्या घरात एक कोरडं फडकं मिळू नये?"

"मला आता झेपत नाही," आजी म्हणाली.

"काय झेपत नाही?"

"सगळंच. पिळणं, मागे मागे फिरणं, गप्प बसणं. गप्प बसणं सगळ्यात जास्त."

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"आणि आज सांगतेस?"

"तुम्ही विचारलं कुठे? ह्या घरात विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही."

टोमणा नव्हता तो. लेकीने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला ते कळलं. ती तशीच ओल्या केसांनी खुर्चीत बसली. "आई, तो नियम पोरीसाठी होता गं."

"मला वाटलं, सगळ्यांसाठी."

जावयाने स्वयंपाकघरातला गॅस बंद केला आणि दारात येऊन उभा राहिला. भिंगरी मात्र दुसराच हिशेब करत होती.

"म्हणजे हात दुखायचा तेव्हा तू कमी पिळायचीस?"

"भिंगरी!" लेक ओरडली.

"विचारू दे," आजी म्हणाली. "हो. मोठा टॉवेल तरी नक्की."

"किती दिवस?"

"ते नाही लक्षात."

"मग माझी सगळी वजनं गेली," भिंगरी म्हणाली आणि जमिनीवर बसून हमसून हमसून रडायला लागली. एरवी आजी धावली असती. आज तिला फक्त कुठेतरी पाठ टेकायची होती.

"दुपारी बस उभीच असते," जावई म्हणाला. "उद्यापासून मी घरी येत जाईन, आई. दुपारचं मी बघतो."

"आणि तुमची झोप? पहाटे उठता तुम्ही."

"झोप काय, सिग्नलला काढीन."

"अहो, पोरं असतात मागे!"

"गंमत केली, आई. रात्री लवकर निजेन."

लेकीने आईचं मनगट हातात घेतलं आणि दवाखान्यात लोकांचं बघावं तसं उलटंपालटं करून बघितलं. "उद्या माझ्याबरोबर चल. फोटो काढू."

भिंगरीने नाक पुसलं. "बाबाचा हात वेगळा आहे."

"मग पहिल्यापासून कर," बाप म्हणाला.

तिला ते पटलेलं दिसलं नाही. ती आजीकडे वळली. "दुपारी मी तुझ्या खोलीत यायचं नाही?"

"नाही."

"दार वाजवलं तर?"

"तरी नाही."

इतक्या सहज 'नाही' म्हणता येतं ह्याचं आजीलाच नवल वाटलं. भिंगरी "बरं" म्हणून वजनकाटा उचलून स्वयंपाकघरात ठेवायला गेली.

निजण्यापूर्वी आजीने वही उघडली आणि दुखऱ्या हाताने अक्षर शक्य तितकं सरळ काढत लिहिलं: उद्यापासून दुपारी जेवणानंतर चहापर्यंत माझ्या खोलीचं दार बंद. कडी गंजली होती, जावईबापूंनी तेल घातलं.