दहावा वाटाणा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. एकदा तोंड उघडलं होतं – त्यांनी पेपरातून मान वर केली, आणि मी विचारलं, चहा टाकू का? त्यानंतर थेट आज, तुमच्यापुढे.

वसईजवळ गोखिवऱ्याला आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत मी बालवर्ग चालवायचे. घरोघरी मोबाईल आले नव्हते, तेव्हाची गोष्ट. अडीच-तीन वर्षांची अकरा मुलं, एक सतरंजी, आणि मी. आकडे शिकवायला मी काड्यापेट्यांची आगगाडी केली होती – पुठ्ठ्यावर चिकटवलेले दहा डबे, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा घोटीव कागद. मुलांनी एकेका डब्यात एकेक वाळका वाटाणा ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचं – एक, दोन, तीन. खेळ संपला की मी वाटाणे मोजून बरणीत टाकायचे. रोज. त्यात माझी कधी चूक व्हायची नाही, असं मीच सगळ्यांना सांगायचे.

काड्यापेट्या कुंदाताई आणून द्यायच्या. त्या तळमजल्यावर राहायच्या. मूळच्या जवळच्याच गास गावच्या, मूलबाळ नाही, नवरा गेलेला. नोकरीवाल्या आयांची मुलं दिवसभर सांभाळायच्या. माझ्या वर्गातली ऋचा त्यांच्याकडेच असायची. वर्ग सुटला की तिला कडेवर घेऊन खाली न्यायच्या. ऋचाही त्यांच्या गळ्यात अशी पडायची की तिच्या आईला हेवा वाटावा.

त्या शुक्रवारी सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे होते. मुलांच्या गोंगाटाची तक्रार होती. आणखी एक तक्रार आली तर वर्ग बंद, असं ते सांगत होते. मी त्यांच्याशी बोलत होते, पाठ मुलांकडे. किती वेळ? पाच मिनिटं असतील.

ते गेल्यावर मी वाटाणे मोजले. नऊ.

सतरंजी झटकली. मुलांच्या मुठी उघडून पाहिल्या. पुन्हा मोजले – नऊच. आणि मग मला ऋचा दिसली. ती उजव्या कानात बोट घालून बसली होती. रडत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती.

मला कळलं. खाज येत असेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं, पण ते खोटं होतं – मला त्याच क्षणी कळलं होतं. वाटाणा कोरडा होता, डॉक्टरने दोन मिनिटांत काढला असता. पण मग ऋचाची आई सोसायटीत बोलली असती, सेक्रेटरीच्या कानावर गेलं असतं... मी स्वयंपाकघरात गेले, डब्यातून एक वाटाणा आणला आणि बरणीत टाकला. दहा झाले. तेवढ्यात कुंदाताई आल्या आणि ऋचाला घेऊन गेल्या. मी दार लावलं.

शनिवार गेला, रविवार गेला. मी खाली जाऊन सांगू शकले असते ना? प्रत्येक दिवशी सांगू शकले असते. मी खिडकीतून तिला खेळताना बघायचे आणि म्हणायचे, बघ, काही नाही झालं.

मंगळवारी ऋचाला ताप भरला. बुधवारी वसईच्या डॉक्टरांनी कानातून वाटाणा काढला – ओलाव्याने फुगलेला, आत पू झालेला. पडदा फाटला होता. त्या कानाने आता कमीच ऐकू येईल, म्हणाले.

संध्याकाळी ऋचाची आई वर आली. डोळे सुजलेले.

"बाई, तुमच्याकडे वाटाणे असतात ना?"

मी बरणी आणली. तिच्यासमोर मोजले. एक, दोन... आवाजही कापला नाही. "दहाच्या दहा आहेत बघा. मी रोज मोजते."

तिने बरणीकडे पाहिलं, मग जिन्याकडे. कुंदाताई मुलांना खेळवता खेळवता ताटात कडधान्य निवडत बसायच्या, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. मी काहीही सुचवलं नाही. सुचवायची गरजच पडली नाही.

आठवड्याभरात कुंदाताईंकडे एकही मूल उरलं नाही. महिन्याने त्या सामान बांधून गासला भावाकडे निघाल्या. जाण्याआधी माझ्याकडे आल्या. मला वाटलं, ह्यांना कळलंय.

त्या उंबऱ्याशीच बसल्या. म्हणाल्या, "बाई, तुमी मोजून ठेवता. माजंच लक्ष नव्हतं. कवा घातला पोरीनं, मला कळलंच नाय वो. ती पोर माज्यामुळं..."

मी त्यांच्यासाठी पाणी आणलं. त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आणि म्हणाले – हे मी म्हणाले, ह्याच तोंडाने – "होतं असं कुंदाताई. चूक माणसाकडूनच होते."

मी त्यांना माफ केलं.

माझा वर्ग पुढे नऊ वर्षं चालला. कुंदाताई गासलाच वारल्या. त्यांनी पुन्हा कुणाचं मूल कडेवर घेतलं नाही, भावजयीच्या नातवालाही नाही, असं ऐकलं.

ऋचा मला एकदा दिसली, वसईच्या बाजारात. कॉलेजात जाणारी, उंच झालेली. ती भाजी घेत होती, मी तिच्या उजव्या बाजूला उभी होते. मी हाक मारली. ती वळली नाही.

मी दुसऱ्यांदा हाक मारली नाही.