थुंकलेला घोट

तामलवाडीची रुद्रम्मा म्हणजे जन्मात दारूचा थेंब न चाखलेली बाई. लिंगायत घर, गळ्यात लिंग, रोजची पूजा कधी चुकली नाही. तरी तिच्या मळ्यात लाल वाइनची चार पिंपं होती, आणि ती तिनंच भरली होती. गाव नावं ठेवायचंच, "गळ्यात लिंग अन् घरात दारू!" रुद्रम्मा म्हणायची, "बोलणाऱ्याचं तोंड दुखंल, माझं काय जातंय?"

द्राक्षं चेचली तेव्हा पोरगा विरेश बाजारातनं आंबवायची पुडी घेऊन आला. तिनं ती उकिरड्यावर भिरकावली. "आंबिलीला कोण पुडी घालतंय रं? द्राक्षाच्या सालीलाच असतंय की सगळं. जरा दम धर." मग दहा महिने ती रोज सकाळी पिंपाला कान लावायची, वास घ्यायची, आणि सांगायची, "अजून कच्ची हाय."

येळवशीच्या सणाला, मार्गशीर्षातल्या अमावास्येला, पुण्याहून शिवानी नावाची वाइन चाखून विकत घेणारी बाई आली. तिनं होय म्हटलं तर ही वाइन बाटल्यांत भरून, वेगळ्या नावानं पुण्याला जाणार. नाही म्हटलं तर मोठ्या कारखान्याच्या टाकीत मिसळणार, कुणाची होती हेसुद्धा कळायचं नाही. रुद्रम्माला रात्रंदिवस तोच घोर लागलेला.

त्यात विरेशनं बजावलं होतं, "अव्वा, आधी आंबील देऊ नको. बाईंची जीभ कोरी पाहिजे." येळवस म्हणजे सारं गाव रानात, येईल त्याला ताकात आंबवलेली आंबील पोटभर. अन् पाहुणीला कोरड्या तोंडानं बसवायचं! रुद्रम्मा आधीच धुमसत होती.

शिवानीनं पेला हलवला, वास घेतला, घोट तोंडात घोळवला, आणि पचकन बाजूला थुंकून टाकला.

झालं! रुद्रम्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अवं बाई, न्हाय आवडली तर तसं सांगा. पर आमच्या रानात, सणाच्या दिवशी थुंकता व्हय? लेकरागत सांभाळलीया म्या ती!" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

विरेश लाजेनं अर्धा झाला. "अगं अव्वा, चाखणारे थुंकतातच! दिवसाला पन्नास वाइनी गिळल्या तर घरी कसे जातील? तुला सांगायचंच राहिलं बघ."

शिवानी हसली नाही. पेल्यात उरलेली वाइन तिनं तोंडाला लावली आणि शेवटच्या थेंबापर्यंत गिळली.

"मावशी, पंधरा वर्षांत कामावर असताना मी घोट गिळलेला नाही. पहिला घोट सवयीनं थुंकला, पण ही थुंकवत नाही हो. काय घातलंय हिच्यात?"

"द्राक्षं. दुसरं काय घालणार?"

"सगळी मी घेते. बाटलीवर नाव काय छापायचं?"

विरेश घाईनं म्हणाला, "मळ्याचं छापा. अव्वाचं नको, गावात उगाच बोभाटा..."

"गप रं!" रुद्रम्मानं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिली. "माझंच छापा, बाई. रुद्रम्मा. अन् अक्षरं मोठी घाला, आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना चष्म्याबिगर वाचता आली पाहिजेत."