कप्तानसाहेबांची मान

बाळांनो,

मुक्ताचा नेमबाजी क्लबातला फोटो मिळाला. कौतुक वाटलं, पण तिची बंदूक डावीकडे कललेली दिसली, म्हणून आजच लिहायला बसले. अशी बंदूक धरणारा एक माणूस मी पाहिला आहे. मुक्तानं त्याच्या वळणावर जाऊ नये.

"मान झुकवायची नाही, बेटा. हमारे खानदान में नहीं होता." हे त्या माणसाचं पालुपद. निजामाविरुद्धच्या पोलिस ॲक्शननंतर सोयगावकडची जहागीर गेली, ऐट तेवढी उरली. त्या ऐटीकडे बघून आमच्या कॉलेजनं त्यांना मुलींना नेमबाजी शिकवायला नेमलं. आम्ही कप्तानसाहेब म्हणायचो. कुठल्या फौजेचे, हे विचारायची सोय नव्हती.

बाकीचे लोक मान वाकवून बंदुकीच्या दस्त्याला गाल टेकवतात. हे गृहस्थ सतरंजीवर पालथे पडले तरी मान ताठ. मग बंदूकच तोंडाकडे ओढायची, ती कलणारच. आम्हालाही तसंच शिकवलं.

जवळच्या निशाणावर हे खपून जायचं. गोळी सुटल्याबरोबर खाली यायला लागते, म्हणून नळीचा रोख नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर ठेवलेला असतो. बंदूक कलली की तो वरचा रोख बाजूला वळतो. जवळ ते कळत नाही. लांब मात्र गोळी कललेल्या बाजूला आणि खाली जाते.

हर्सूलच्या माळावर दुसऱ्या कॉलेजाशी लांब पल्ल्याची स्पर्धा ठरली. संघात माझं नाव होतं. त्यासाठी मी घरी वडिलांशी अबोला धरला होता. सरावात आम्हा सगळ्यांच्या गोळ्या डावीकडे जाऊ लागल्या.

"हवा है," कप्तानसाहेब म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं.

"साहेब, बंदूक कलतीय," मी म्हणाले. " मान जरा खाली घेतली तर..."

"बडी आयी प्रोफेसरीण! संघातून नाव कटलं. उद्यापासून सतरंज्या घाल."

"गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" मैत्रीण शकू कुजबुजली. "लई शहाणी!"

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, सगळे गेल्यावर, मी सतरंज्या गोळा करायला माळावर गेले. कप्तानसाहेब एकटेच पालथे पडले होते. मान वाकलेली, गाल दस्त्याला, बंदूक सरळ. गोळी नेमकी मध्ये लागली. दुसरीही. एवढा आनंद त्या चेहऱ्यावर मी कधी पाहिला नव्हता. लहान पोरासारखे हसत होते. क्षणभर मला माया वाटली.

मग त्यांनी मला पाहिलं. मान ताठ झाली, बंदूक कलली, तिसरी गोळी निशाणाच्या चौकटीच्या डाव्या खांबात गेली.

"मघाशी हवा पडली होती," ते म्हणाले.

वाटलं, आता तरी मुलींना खरं सांगतील, मला परत घेतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलींना तशाच कललेल्या बंदुकांनिशी पालथं झोपवलं. आम्ही वाईट हरलो. शकू रडली. कप्तानसाहेबांनी हवेला शिव्या दिल्या आणि टांगा मागवला. न येणाऱ्या माणसाला मी माफ केलं असतं. यांना येत होतं.

पुढं ते गावाकडे गेले आणि तिकडेच वारले. माळावर घरं झाली. कॉलेजनं जुनं लाकूड विकायला काढलं, तेव्हा मी त्या चौकटीचा डावा खांब मागून आणला. तो परसात आहे. ओळंबा लावून सरळ पुरला आहे. भोकं अजून दिसतात, आणि कारल्याचा वेल त्यावर चढतो.