बँकेच्या फाटकाआड आमची विहीर

गल्लीत बँड वाजला की मुलीचं लग्न आठवतं. आमच्या मरोळ गावठाणात नवरीला न्हाऊ घालायचं पाणी आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून आणतात. विहीर शेजारच्या जुन्या कौलारू बंगल्याच्या आवारात, आणि तो बंगला बँकेनं ताब्यात घेऊन विकायला काढलेला. त्या दिवशी वाजतगाजत पोचलो तर फाटकाला कुलूप. वॉचमन म्हणाला, "बाबा, आत जायचं नाय, घर बँकेचं आहे." मी म्हटलं, "मग विहिरीतलं पाणी पण जप्त केलं काय रे? उघड, नाहीतर बँड इथून हलायचा नाही." बायका हसल्या, ढोलवाल्यानं आणखी जोर काढला, शेवटी वॉचमननं कुलूप काढलं. शेवाळाचा गार वास आला, माझ्या बहिणीनं घागर भरली. बंगला अजून विकलेला नाही. बघायला येईल त्याला मी अडवून सांगतो, "खुशाल घ्या, पण गावठाणात लग्न निघालं की फाटक उघडावं लागेल."