स्किन आणि ओले खोबरे

कॅल्गरीच्या आमच्या घरात, बेसमेंटमध्ये, एक आडवा फ्रीझर आहे. तो कोणाचा, यावर माझा आणि माझ्या पत्नीचा वाद बरीच वर्षे चालू आहे. ती मूळची रत्नागिरीकडची. नारळ स्वतः विळीवर खवते आणि पिशव्या भरून गोठवते. दुकानातला तयार चुरा तिच्या लेखी अन्न नव्हे. माझे म्हणणे असे, की उन्हाळ्यात स्किन ठेवायला फ्रीझरसारखी जागा नाही.

स्किन म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवायची लांब पट्टी. तिच्या एका अंगाला एकाच दिशेने बसणारी आखूड लव असते, दुसऱ्या अंगाला गोंद. लवेमुळे स्की पुढे सरकतो, मागे घसरत नाही. म्हणून बर्फाचा डोंगर चालत चढता येतो. माथ्यावर पट्ट्या सोलायच्या, घडी करून जॅकेटच्या आत छातीशी ठेवायच्या आणि उतरायचे. छातीशी अशासाठी, की गोंद गारठला तर पुन्हा चिकटत नाही. उन्हाळ्याच्या उकाड्यात तो पाझरतो. जिथे वर नेणारी लिफ्ट नाही आणि दाबून तयार केलेला उतारही नाही, अशा डोंगरांत जाणारी माणसे या गोंदाला तान्ह्या मुलासारखे जपतात. मी जपतो, तेव्हा पत्नी हसते.

आम्ही दोघेही टेलिमार्कवाले. या प्रकारात बूट फक्त चवड्याशी स्कीला जोडलेला असतो, टाच मोकळी राहते, आणि प्रत्येक वळणाला एक गुडघा जवळजवळ स्कीपर्यंत वाकवावा लागतो. उतरताना टाच जखडून घेणारे लोक या कष्टाला वेड म्हणतात. आम्ही त्यांना आळशी म्हणतो. पार्किंगमध्ये बूट चढवताना ही थट्टा व्हायलाच हवी, तशी रीतच आहे. पत्नीचा टोमणा मात्र माझ्यासाठी राखून ठेवलेला असे. देवळात ज्याची मान लवत नाही तो इथे दर वळणाला गुडघे टेकतो, असे ती चारचौघांत सांगे.

मग तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितले, की गुडघा वाकवून उतरणे संपले. टाच जखडलेली असेल तर हिवाळ्याच्या अखेरीस प्रयत्न करून पाहावा. मी तिच्या स्कीवरची, बूट अडकवायची जुनी बाइंडिंग काढून घेतली आणि दुकानातून नवी बसवून आणली. चढताना टाच मोकळी, उतरताना बंद, अशी. तिने ती एकदा उघडून-मिटून पाहिली. अनेक वर्षे ज्यांची थट्टा केली त्यांच्यात जाऊन बसायचे होते. ते सोपे नसावे.

काही दिवसांनी भाजी चिरताना तिने आपला निर्णय सांगितला.

"एकदा आपल्या खिंडीपर्यंत जाऊन बघते. नाही पोचले, तर माझं सगळं सामान शरदातल्या जुन्या सामानाच्या बाजारात देऊन टाका. मागाहून समजूत घालायची नाही."

मी बरे म्हटले. डोंगरात एकट्याने जायचे नाही हा माझा नियम आहे. बर्फाखाली गाडले गेल्यावर खणून काढायला मागे माणूस लागतो, आणि माझ्या मागचे माणूस तीच होती. तिला ते ठाऊक होते.

तिने एक अट घातली. तिच्या सामानाला मी हात लावायचा नाही. एरवी दोघांचे सामान मीच तपासतो. या खेपेस तिने सगळे स्वतः केले. स्किनदेखील वसंतात तिनेच घडी करून फ्रीझरमध्ये ठेवली होती, आणि तिनेच बाहेर काढली.

दिवस निवडला तो थंड, निरभ्र. हिमस्खलनाचा धोका कमी असल्याचे पत्रक आले होते. पार्किंगमध्ये एकमेकांचे बीकन तपासले. बर्फाखालच्या माणसाचा ठाव सांगणारे हे यंत्र चालू आहे ना, ते पाहिल्याशिवाय आम्ही पाऊल उचलत नाही. मग ती पुढे, मी मागे. तिचा वेग तिने ठरवावा असे मला वाटले. झाडी संपेपर्यंत ती थांबली नाही. गुडघ्याबद्दल मी विचारले नाही.

खिंड समोर दिसू लागली आणि तिचा उजवा पाय सर्रकन मागे गेला. स्किन टोकापासून सुटून लोंबत होती. पाहता पाहता डावीही सुटली. मी जवळ जाऊन पट्टी उलटली. गोंदावर पांढरे कण होते. आधी बर्फ वाटला. तिने हातमोजा काढला, एक कण नखाने उचलला आणि जिभेवर ठेवला.

"अहो, हा तर नारळ."

पिशवी फाटली असणार आणि चुरा घडीत शिरला असणार. खाली पार्किंगमध्ये पट्ट्या नव्या उमेदीने चिकटल्या होत्या. वर थंडी वाढली आणि तेलकट झालेल्या गोंदाने दगा दिला. या डोंगरांत स्किन सुटण्याची अनेक कारणे मी पाहिली आहेत. हे कारण फक्त आमच्या घरातून येऊ शकत होते.

ती स्कीवर तशीच उभी होती. खिंडीकडे तिने पाहिले नाही.

"म्हणा आता. स्किन गेली की परत फिरायचं. तुमचाच नियम."

नियम माझाच होता. त्यावरून मी बरोबर आलेल्या धडधाकट तरुणांना अर्ध्या वाटेवरून माघारी नेले आहे, आणि त्यांनी मला मागून शिव्या दिल्या आहेत.

"गुडघा कसा आहे?" मी विचारले.

"दुखत नाही. खरंच सांगते."

"मग बस."

ती पाठपिशवीवर बसली. मी बर्फ खरवडायच्या पट्टीने गोंदावरचा नारळ निघेल तेवढा काढला. मग जॅकेट उघडून तिच्या दोन्ही स्किन छातीशी धरल्या आणि चेन वर ओढली. थंडगार पट्ट्या अंगाला लागल्यावर श्वास अडतो. तिने थर्मासमधला चहा ओतून कप माझ्या हाती दिला. आम्ही वाऱ्याकडे पाठ करून बसलो. गोंद पुरेसा ऊबदार वाटला तेव्हा मी पट्ट्या पुन्हा लावल्या आणि वरून रबरी पट्टे आवळले. डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत हे पट्टे असतात. मोडलेली काठी, तुटलेला बूट, सगळे त्यांच्यावर निभावते. दिसायला ते फार वाईट दिसते.

ती सावकाश चढली. एकदा पट्टा सरकला; मी वाकून आवळला. खिंडीत पोचल्यावर तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि पलीकडची दरी बराच वेळ पाहिली.

"तो जुन्या सामानाचा बाजार कधी असतो हो?"

"आठवत नाही."

"तुम्हाला? आठवत नाही?" ती म्हणाली आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

उतरताना टाचा बंद करून ती माझ्या पुढे गेली. वळणे साधी होती, नेटकी होती. मी गुडघे टेकत मागून आलो. ती खाली झाडीशी उभी राहून माझी वाट पाहत होती, आणि तिथूनच, दुसरे कोणी नसताना, तिने तो देवळाचा टोमणा मला पुन्हा ऐकवला.

फ्रीझरमध्ये आता मधोमध एक फळी आहे. ती मी बसवली. नारळ डावीकडे, स्किन उजवीकडे. माझ्या जॅकेटच्या अस्तराला मात्र खवट खोबऱ्याचा वास राहिला आहे. पत्नीने ते धुवायला अनेकदा मागितले. मी दिलेले नाही.