काळे बूट

आमच्या कॉलेजात पदवीदानाचे गाउन वाटणारा क्लार्क दरवर्षी माझं डोकं उठवतो. सभागृहाच्या दारात खुर्ची टाकून बसतो, मांडीवर सेफ्टी पिनांचा डबा असतो, आणि माणसाच्या तोंडाआधी तो पाय बघतो. पांढरा शर्ट आणि काळे बूट नसतील तर पदवी अंगाला लागत नाही, अशी त्याची समजूत असावी. "नियम हाय, सर," एवढंच म्हणतो, तेही जांभई देत.

यंदा एक मुलगी चाकणहून पहिली शिफ्ट संपवून थेट आली. अंगात कंपनीचा निळा शर्ट. "न्हाई चालायचं," तो म्हणाला. मी पेटलोच. पोरगी शिकून कामाला लागली हेच आपण स्टेजवरून मिरवतो ना, असं बरंच काही बोललो. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. गाउन दिला आणि तिच्या हातावर सहा पिना ठेवल्या.

"गळ्यापासून खालपर्यंत लाव. निळं दिसाया नको."

मग वाकून तिचे जाडजूड सेफ्टी शूज बघितले. "काळे हायेत की. जा. पिना परत आणायच्या."

मला चक्क त्याचं कौतुक वाटलं. तिच्यामागून मी आत शिरणार, तोच त्याने पाय आडवा घातला आणि माझ्या तपकिरी सँडलकडे बोट केलं.

"नियम हाय, सर."

तिचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या मी दाराबाहेरूनच वाजवल्या. तोही वाजवत होता. पाय मात्र आडवाच.